मोकळा स्पिन आणि गर्दीतला स्पिन

सांगलीत एम.एस्सी.च्या मुलांना शिकवताना दरवर्षी अशी एक तरी वही हाती येतेच. द्विमितीय इलेक्ट्रॉन-थराचं, म्हणजे फक्त सपाटीवर फिरू शकणाऱ्या इलेक्ट्रॉनांचं, स्पिन-ध्रुवीकरण काढायचं असतं (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं इवलंसं चुंबकत्व; चुंबकीय क्षेत्राच्या बाजूचे उलट्यांपेक्षा किती टक्के जास्त, ते ध्रुवीकरण) आणि पोरगं बिनधास्त मोकळ्या स्पिनचं सूत्र लावून मोकळं होतं. परवाच्या वहीत उत्तर होतं १५ टक्के. यायला हवं होतं ०.३६ टक्के. आकडेमोड बरोबर होती, कण चुकला होता.

मोकळ्या स्पिनला शेजाऱ्याशी देणंघेणं नसतं. क्षेत्राच्या दिशेने उभं राहायचं की उलट, एवढंच त्याने ठरवायचं. गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकात जी-घटक, म्हणजे स्पिन क्षेत्राला किती दाद देतो त्याचं माप, चिन्ह सोडून साधारण ०.४४. त्यामुळे १ टेस्ला क्षेत्रात या दोन अवस्थांमधला फरक तापमानाच्या भाषेत जेमतेम ०.३ केल्विन. १ केल्विनला ध्रुवीकरण १५ टक्के, ४ केल्विनला चारच्याही आत. तापमान चौपट झालं की ध्रुवीकरण पावपट.

आता सकाळची सांगली-मिरज बस आठवा, दोन-दोनच्या सीटची. सीट म्हणजे इलेक्ट्रॉनची ऊर्जेतली जागा, पुढची कमी ऊर्जेची, मागची जास्त. एका सीटवर एक वर-स्पिन, एक खाली-स्पिन, तिसरा नाही. पाउलींचा नियम कंडक्टरपेक्षा कडक! पुढे बसलेल्याला स्पिन उलटवायचा, तर स्वतःच्या सीटवर ती जागा आधीच भरलेली. पार मागची रिकामी सीट गाठायला हवी, आणि तेवढी ऊर्जा आणणार कुठून? हलू शकतात ते रिकाम्या सीटांना खेटून बसलेले तेवढे.

खरी गंमत पुढे आहे. तापमान वाढलं की हलू शकणाऱ्यांची संख्या त्याच प्रमाणात वाढते, पण त्यातला प्रत्येक जण क्षेत्राचं ऐकणं तितकंच कमी करतो. वाढ आणि घट एकमेकांना खातात, ध्रुवीकरण आहे तिथेच राहतं. दर चौरस सेंटिमीटरला १० हजार कोटी इलेक्ट्रॉन असले, तर फर्मी ऊर्जा, म्हणजे भरलेल्या शेवटच्या सीटची ऊर्जा, सुमारे ४१ केल्विन. क्षेत्र थराला समांतर ठेवलं, तर १ केल्विन काय आणि ४ केल्विन काय, आकडा ०.३६च. द्विमितीत ऊर्जेच्या प्रत्येक टप्प्यावर सीटा सारख्याच असल्याने हे विशेष चोख जमतं. २० केल्विनला कुठे १३ टक्क्यांची घट दिसते.

हा हिशेब इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलत नाहीत असं धरून केलेला. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन आसपासच्यांना बाजूला सारतो आणि ती हालचाल अंगावर घेऊनच हिंडतो, हाच क्वासीपार्टिकल. सिलिकॉनच्या मॉसफेटमध्ये (हा ट्रान्झिस्टरचा एक प्रकार) इलेक्ट्रॉनांची घनता उतरवली की त्याचं वस्तुमान आणि जी-घटक यांचा गुणाकार कित्येक पट वाढतो. शुब्निकोव्ह-द हास दोलनांमधून, म्हणजे क्षेत्र बदलताना विद्युतरोधात दिसणाऱ्या चढउतारांमधून, तो मोजला गेलाय. म्हणजे त्याच क्षेत्रात ध्रुवीकरण जास्त. पण कण जड झाला की फर्मी ऊर्जा खाली येते आणि उष्णता लवकर बोचायला लागते.

क्षेत्र थराला लंब केलं, तर बसच बदलते. सीटांच्या रांगा एकमेकींपासून लांब जातात. त्याच लँडाऊ पातळ्या. भरणांक, म्हणजे भरलेल्या स्पिन-पातळ्यांची संख्या, १ असताना पहिल्या रांगेत फक्त एकाच स्पिनचे लोक, ध्रुवीकरण पूर्ण. तापवलं की ते उतरतं. भरणांक २ असताना त्याच रांगेतल्या दोन्ही जागा भरलेल्या, म्हणून ध्रुवीकरण शून्य. तिथे तापवलं की क्षेत्राला न जुमानणारे काही जण पुढच्या रांगेत क्षेत्राच्या बाजूने जाऊन बसतात आणि ध्रुवीकरण चक्क वाढतं. हे सांगितल्यावर वहीवाल्याने खोडरबर काढला.