ऑन्टारिओतील कॅथलिक शाळा: शाळा बंद करण्याचा किंवा हद्द बदलण्याचा प्रस्ताव आला, तर पालकांनी काय करायचे?

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन या भागांत वसई, मुंबई आणि गोव्याहून आलेली कितीतरी कॅथलिक कुटुंबे राहतात. त्यांची मुले सरकारी खर्चाने चालणाऱ्या कॅथलिक शाळांत शिकतात. अशा शाळेकडून एखाद्या दिवशी ईमेल येते की विभागातील शाळांचा ‘आढावा’ घेतला जाणार आहे. बहुतेक घरांत ते वाचून बाजूला ठेवले जाते आणि शेवटच्या सभेला मात्र सभागृह भरून जाते. तोवर प्रशासनाचा अहवाल लिहून झालेला असतो. म्हणून आग्रहाने सांगतो, उत्तर पहिल्याच पत्राला द्या. पुढे दिलेली माहिती त्याच दिवसापासून उपयोगी पडेल.

आधी व्यवस्था थोडक्यात. ऑन्टारिओत चार सरकारी शालेय व्यवस्था आहेत: इंग्रजी सार्वजनिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच सार्वजनिक आणि फ्रेंच कॅथलिक. एकूण ७२ जिल्हा बोर्डे (म्हणजे आपापल्या भागातील शाळा चालवणाऱ्या संस्था), त्यांतली ३७ कॅथलिक. कॅथलिक शाळांचा हक्क १८६७ च्या संविधान कायद्यातील कलम ९३ मधून येतो. अकरावीपासून पुढच्या वर्गांना पूर्ण अनुदान मिळू लागले ते मात्र १९८० च्या दशकात. कायद्याच्या भाषेत या ‘सेपरेट’ शाळा. फी नाही, आणि आपल्याकडच्या कॉन्व्हेंटसारखे खासगी व्यवस्थापनही नाही. निर्णय निवडून आलेले ट्रस्टी, म्हणजे बोर्डाचे सदस्य, जाहीर बैठकीत घेतात. जून २०२५ मध्ये प्रांत सरकारने टोरोंटो कॅथलिक आणि डफरिन-पील कॅथलिक या बोर्डांवर पर्यवेक्षक नेमले. असा पर्यवेक्षक असतो तेव्हा ट्रस्टींचे अधिकार त्याच्या हाती जातात. त्यामुळे निवेदन लिहिण्याआधी आपल्या बोर्डात सध्या निर्णय कोण घेतो हे बोर्डाच्या कार्यालयात विचारून घ्या.

पत्र नेमके कशाचे आहे?

पत्रात दोनपैकी एक गोष्ट असते. ‘प्युपिल अकोमोडेशन रिव्ह्यू’ लिहिले असेल तर एखादी शाळा बंद करण्याचा किंवा दोन शाळा एकत्र करण्याचा विचार चालू आहे. ‘बाउंडरी रिव्ह्यू’ असेल तर शाळा राहणार, पण कोणत्या रस्त्यावरची मुले कुठल्या शाळेत जाणार हे बदलणार. पहिल्या प्रकाराला प्रांत सरकारच्या मार्गदर्शक सूचना लागू होतात. दुसरा प्रकार बोर्डाच्या स्वतःच्या धोरणाप्रमाणे चालतो आणि पुष्कळदा लवकर आटोपतो.

जून २०१७ मध्ये सरकारने शाळा बंद करण्याच्या नव्या आढाव्यांना स्थगिती दिली आणि सरकार बदलल्यावरही ती चालू राहिली. पण त्यामुळे निर्धास्त राहू नका. एकीकडे जुन्या वस्त्यांत वर्ग रिकामे पडतात, दुसरीकडे नव्या वस्त्यांत शाळेच्या आवारात पोर्टेबल, म्हणजे तात्पुरत्या हलवता येणाऱ्या, वर्गांच्या रांगा लागतात. शाळा बंद करता येत नसेल, तर बोर्डाकडे हद्द सरकवण्याचाच मार्ग उरतो. शिवाय मार्गदर्शक सूचनांतच काही अपवाद आहेत. त्याच हद्दीत नवी इमारत बांधायची असेल, भाडेकरार संपत असेल, किंवा शाळेच्या एकूण पटाच्या निम्म्याहून कमी मुले असलेले वर्ग दुसरीकडे हलवायचे असतील, तर पूर्ण आढावा घ्यावाच लागत नाही. सातवी-आठवी दुसऱ्या शाळेत नेण्याचे प्रस्ताव या शेवटच्या अपवादात बसू शकतात. पालकांना तो मोठा बदल वाटतो, नियमांच्या लेखी तो शाळा बंद करणे नसते.

शाळा बंद करण्याचा आढावा कसा चालतो

सुरुवात प्रशासनाच्या प्राथमिक अहवालाने होते. २०१८ च्या सूचनांप्रमाणे त्यात किमान तीन पर्याय द्यावे लागतात: शिफारस केलेला, दुसरा एखादा पर्याय, आणि आहे तसेच चालू ठेवण्याचा. सोबत प्रत्येक शाळेचे माहितीपत्रक असते. त्यात क्षमता, पटसंख्या, इमारतीची अवस्था, दुरुस्तीचा खर्च, बसने येणारी मुले अशी आकडेवारी असते. सगळ्यात आधी हे माहितीपत्रक वाचा. शाळेत चालणारे डे-केअर, संध्याकाळी जिम वापरणारे मंडळ, बाजूच्या चर्चशी असलेला संबंध यांतले काही नोंदवायचे राहिले असेल, तर ते लेखी कळवण्याची हीच वेळ आहे.

आढावा घ्यायचा की नाही यावर ट्रस्टी मतदान करतात. ठराव झाला की समिती नेमली जाते आणि तिच्यात आढाव्यातील प्रत्येक शाळेचे पालक प्रतिनिधी असतात. समिती सल्ला देते, निर्णय घेत नाही. त्यानंतर जाहीर सभा होतात, अंतिम अहवाल प्रसिद्ध होतो, नागरिक ट्रस्टींसमोर म्हणणे मांडतात आणि शेवटी मतदान होते. अंतिम अहवाल आणि म्हणणे मांडण्याची बैठक यांत किमान १० कामकाजाचे दिवस असावे लागतात. त्या बैठकीपासून निर्णयापर्यंत आणखी किमान १०. नाताळ, मार्च आणि उन्हाळ्याच्या सुटीतले दिवस यांत धरत नाहीत. बोर्डाने सुटीतले दिवस मोजले असतील तर ते दाखवून द्या, कारण पुढे तक्रार करायची झाली तर अशाच चुका कामी येतात.

ट्रस्टींसमोर बोलायचे असेल तर बोर्डाच्या सचिव कार्यालयाकडे मुदतीआधी अर्ज करावा लागतो. फॉर्ममध्ये नाव, पत्ता, शाळा, विषय आणि बहुधा भाषणाचा लेखी मसुदा मागतात. मोजकीच मिनिटे मिळतात. शाळेवरचे प्रेम सगळेच सांगतात. तुम्ही मुलाचा नवा रस्ता सांगा: मध्ये किती पदरी रस्ता ओलांडावा लागतो, फुटपाथ कुठे संपतो, हिवाळ्यात बर्फ कुठे साचून राहतो. नकाशावर रेघ ओढणाऱ्या अधिकाऱ्याला हे दिसत नाही आणि मुद्दा ठोस असल्याने त्यावर उत्तर द्यावेच लागते.

निर्णय पटला नाही तर

शाळा बंद करण्याच्या ठरावानंतर प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. त्यासाठी मुदत आहे ३० दिवसांची, आणि ती कॅलेंडरच्या दिवसांनी मोजतात, म्हणजे शनिवार-रविवारही धरून. दोन गोष्टी लागतात. पहिली, बोर्डाने स्वतःचे कोणते धोरण कुठे पाळले नाही याचे लेखी टिपण, धोरणाच्या प्रतीवर ती वाक्ये ठळक करून. दुसरी, शाळेच्या पटसंख्येच्या किमान ३० टक्के इतक्या सह्या. पट १५० असेल तर ४५ सह्या. सही पालकाची किंवा आढाव्यात प्रत्यक्ष भाग घेतलेल्या व्यक्तीची हवी. म्हणून कागदावर स्पष्ट अक्षरांत नाव, सही, रस्त्याचे नाव आणि पिनकोडऐवजी इथला पोस्टल कोड, आणि ‘पालक’ की ‘सहभागी’ अशी नोंद, एवढे रकाने आखून घ्या. बोर्ड ही नावे पडताळते. मंदिरात किंवा चर्चबाहेर कोणाच्याही सह्या घेतल्या तर त्या गळतात. अर्ज बोर्ड आणि शिक्षणमंत्री, दोघांकडेही पाठवायचा. अटी पूर्ण झाल्या तर मंत्रालय एक स्वतंत्र व्यक्ती नेमते. ती फक्त प्रक्रिया धोरणाप्रमाणे झाली का हे तपासते. शाळा चालू राहावी की नाही यावर मत देत नाही. नुसत्या हद्दबदलाला ही तरतूद लागू नाही.

हद्द बदलली तर

इथे सगळे पत्त्यावर ठरते. बोर्डाच्या संकेतस्थळावर घर क्रमांक आणि रस्ता टाकला की आपली शाळा दिसते. ‘आमच्या समोरच्याची मुलगी त्याच शाळेत राहिली’ असे पुष्कळदा ऐकू येते, आणि ते खरेही असते, कारण हद्द रस्त्याच्या मधोमध गेलेली असते.

जुन्या शाळेतच राहायचे असेल तर दोन मार्ग पाहा. ठरावातच शेवटच्या वर्गातील मुलांना, कधी त्यांच्या धाकट्या भावंडांना, सवलत दिलेली असते. अशी सवलत मिळवण्यासाठी आढावा चालू असतानाच लेखी मागणी करा, नंतर ती घालून घेणे कठीण जाते. दुसरा मार्ग हद्दीबाहेरील प्रवेशाचा अर्ज. तो बोर्डाने ठरवलेल्या तारखांतच स्वीकारतात, जागा असेल तर मंजूर करतात आणि बस सहसा देत नाहीत. रोजची ने-आण जमेल का, हे आधी घरी ठरवा.

नव्या वस्तीत घर घेणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. बिल्डरच्या खरेदी करारात मागच्या पानांवर एक कलम असते: विभागात पुरेशी शाळा-सोय नसू शकते, मुलांना तात्पुरत्या वर्गांत बसवले जाईल किंवा बसने विभागाबाहेर नेले जाईल. वस्तीच्या तोंडाशी तशा मजकुराचा फलकही लावलेला दिसतो. नकाशात दाखवलेली ‘शाळेची जागा’ म्हणजे मंजूर झालेली शाळा नव्हे. विक्री कार्यालयात काय सांगितले यापेक्षा बोर्डाच्या नियोजन विभागाला विचारलेला एक प्रश्न जास्त भरवशाचा.

पात्रता

प्राथमिक शाळेसाठी, म्हणजे ज्युनिअर किंडरगार्टन ते आठवी, बहुतेक बोर्डांत मूल किंवा किमान एक पालक कॅथलिक असावा लागतो. सिरो-मलबारसारख्या पौर्वात्य कॅथलिक परंपरा यात येतात. अहिल्यानगर, सोलापूर भागातील प्रोटेस्टंट मराठी ख्रिस्ती कुटुंबे मात्र या व्याख्येत बसत नाहीत. बाप्तिस्म्याचा दाखला असला तरी तो कॅथलिक चर्चचा हवा. बिगर-कॅथलिक मुलांना प्राथमिकला घ्यायचे की नाही, हे प्रत्येक बोर्ड आपल्या धोरणाने ठरवते.

नववीपासून चित्र बदलते. कॅथलिक हायस्कूल कायद्याने सर्वांना खुले आहे, हिंदू, मुस्लिम, कोणालाही. पात्र विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षणातून सूट मागता येते. डफरिन-पील बोर्डाच्या २०१४ मधील खटल्यात न्यायालयाने ही सूट प्रार्थनाविधी आणि रिट्रीटनाही (आध्यात्मिक शिबिरांनाही) लागू असल्याचे स्पष्ट केले.

मालमत्ता करातील शालेय हिस्सा ‘सेपरेट’कडे वळवणे हा वेगळा विषय, पण प्रवेशाच्या वेळी त्याचा फॉर्म भरायला सांगतात. नोंद एमपॅक ही मालमत्तांचे मूल्यांकन करणारी संस्था ठेवते. काही सांगितले नाही तर तुम्ही आपोआप इंग्रजी सार्वजनिक व्यवस्थेचे समर्थक ठरता. भाडेकरूंनीही नोंद करायची असते. घराच्या कराची रक्कम यामुळे वाढत नाही, दोन्हीकडे दर सारखाच आहे. फरक पडतो तो मतदानात: कॅथलिक ट्रस्टीला मत देता येण्यासाठी, तुम्ही कॅनडाचे नागरिक असाल तर, ही नोंद बरोबर असावी लागते. शाळेचे भवितव्य ज्यांच्या मतावर ठरते त्यांना निवडण्याचा हक्क एका फॉर्मसाठी गमावू नये.

कागदपत्रे

हद्द बदलून मूल त्याच बोर्डाच्या दुसऱ्या शाळेत जात असेल तर पुन्हा सगळे कागद लागत नाहीत. विद्यार्थ्याची शालेय फाइल एका शाळेतून दुसरीकडे आपोआप जाते. नवा प्रवेश, बोर्ड बदलणे किंवा हद्दीबाहेरील अर्ज असेल तर हे जवळ ठेवा: मुलाचा जन्मदाखला किंवा पासपोर्ट, पीआर (कायम रहिवासाचे) कार्ड, नागरिकत्व किंवा पालकाचे वर्क परमिट, पत्त्याचे पुरावे, म्हणजे भाडेकरार, खरेदी करार किंवा वीज-गॅसचे बिल, लसीकरणाची नोंद, मागील वर्षाचे प्रगतिपुस्तक, ताबा एका पालकाकडे असेल तर न्यायालयाचा आदेश. पालकांची इमिग्रेशनची कागदपत्रे अपुरी आहेत एवढ्याच कारणावरून १८ वर्षांखालील मुलाला शाळा नाकारता येत नाही.

सर्वांत जास्त वेळ खातो तो बाप्तिस्म्याचा दाखला. तो ज्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) बाप्तिस्मा झाला तिथल्याच नोंदवहीतून मिळतो, सध्याच्या चर्चमधून नाही. वसईकडचा दाखला मराठीत असू शकतो, तेव्हा फादरना इंग्रजी प्रत द्यायची विनंती करा, नाहीतर भाषांतर करून घ्यावे लागेल. आजी-आजोबा तिकडे असतील तर त्यांना मुलाचे आणि आई-बापांचे पूर्ण नाव, बाप्तिस्म्याची तारीख आणि धर्ममायबापांची नावे लिहून पाठवा; जुनी नोंदवही चाळताना यावरूनच पान सापडते. दाखल्यावरील नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नसेल तर ते आधीच सांगा.

मुलाला विशेष शिक्षणाचा आराखडा असेल तर नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी भेट ठरवा. फाइल जाते, पण मदतनीस आणि खोली यांची सोय तिथे नव्याने करावी लागते. शाळेपूर्वी-नंतरच्या पाळणाघराची जागा मात्र मुलाबरोबर जात नाही, तिच्यासाठी नव्या शाळेत वेगळी नोंदणी ठरावाच्याच आठवड्यात करून टाका.