स्टिअरिंगमागची दोन पाती

ऑटोमॅटिक गाडी विकताना शोरूममध्ये पॅडल शिफ्टर हौसेने दाखवतात. उजवं पातं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली. गाडी घरी आली की बरेच जण त्यांना हातही लावत नाहीत. ही पाती आली फॉर्म्युला वनमधून, पण त्यांचा जन्म वेगाच्या हव्यासापेक्षा जागेच्या टंचाईतून झाला.

गिअर स्टिअरिंगवर आणण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. अमेरिकेत फोर्डने 1958च्या एडसेल गाड्यांमध्ये स्टिअरिंगच्या मधोमध ऑटोमॅटिक गिअरची बटणं दिली. म्हणजे नेमकी तिथे, जिथे लोकांचा हात हॉर्नसाठी जायचा. वर्षभरातच ती बटणं गेली.

खरी सुरुवात जॉन बर्नार्ड या इंग्रज डिझायनरपासून. फेरारीने बोलावलं, तरी त्याने इटलीला जाऊन राहायला नकार दिला आणि इंग्लंडमध्ये गिल्डफर्डला बसून गाडी आखली. त्याला ड्रायव्हरची जागा शक्य तितकी अरुंद हवी होती, म्हणजे हवा सुरळीत वाहील. आडवा येत होता गिअरचा दांडा. दांड्याला जागा हवी, ड्रायव्हरच्या कोपराला जागा हवी, शिवाय मागच्या गिअरबॉक्सपर्यंत सळई न्यायची. बर्नार्डने दांडाच काढून टाकला. स्टिअरिंगमागे दोन पाती, त्यांच्याकडून विजेचा इशारा, आणि पुढचं क्लच-गिअरचं काम हायड्रॉलिक दाबाने. क्लचचं पेडल उरलं ते जागेवरून निघण्यापुरतं.

ही फेरारी 640 मार्च 1989मध्ये ब्राझीलमधल्या रिओच्या शर्यतीत उतरली. सरावात ती इतकी बंद पडत होती, की तिचा ड्रायव्हर नायजेल मॅन्सेलने लवकरचं परतीचं विमान ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात शर्यतीच्या मध्येच स्टिअरिंग बदलावं लागूनही तो जिंकला. पुढे वर्षभर गाडी वारंवार दगा देत राहिली आणि खापर फुटलं गिअरबॉक्सवर. मूळ दुखणं मात्र बरंचसं अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं होतं: कंपनांमुळे त्याचा पट्टा निसटायचा, विजेचा दाब पडायचा आणि गिअरबॉक्स आंधळा व्हायचा. तरी दिशा ठरली होती. 1992मध्ये मॅन्सेल जगज्जेता झाला, तो अशाच गिअरबॉक्सच्या विल्यम्स गाडीतून.

रस्त्यावरच्या फेरारीत ही पाती 1997मध्ये, एफ355मधून आली. इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. त्या गाडीत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच होता, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करायचं. आपल्याकडे 2014मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून आलेला एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) तत्त्वाने तोच, आणि तो पुरवणारी मॅग्नेटी मारेली ही इटालियन कंपनी फेरारीच्या गिअरबॉक्समागेही होती. म्हणजे फेरारीच्या घराण्यातला गिअरबॉक्स मध्यमवर्गीयांच्या दारात आला, तोही पात्यांशिवाय!

पाती पसरली ती दुसऱ्याच ऑटोमॅटिकांवर: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून पोहोचवणारा), ड्युअल क्लच (दोन क्लचचा) आणि सीव्हीटी (पुली-पट्ट्याचा). सीव्हीटीत मुळात ठरावीक गिअरच नसतात. 2014च्या होंडा सिटीत पातं ओढलं की संगणक सातांपैकी एका ठरवलेल्या गुणोत्तरावर थांबायचा, इतकंच. कुठल्याही प्रकारात पातं हे नुसतं बटण असतं. खालचा गिअर टाकल्याने इंजिन मर्यादेबाहेर फिरणार असेल, तर संगणक विनंती सरळ नाकारतो.

मग उपयोग काय? आपल्या रस्त्यांवर माझ्या मते मुख्य उपयोग एकच: घाट उतरणं. आंबा किंवा वरंध घाटात ‘डी’वर, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक मोडवर सोडलेली गाडी वरच्या गिअरमध्ये सुसाट निघते आणि ब्रेक तापतात. उतार लागण्याआधीच डावं पातं एक-दोनदा ओढलं की इंजिन गाडी रोखून धरतं. ‘डी’मध्ये ही निवड तात्पुरती असते, बहुतेक गाड्या थोड्या वेळाने आपल्या मर्जीवर परततात. म्हणून लांब उतारावर आधी ‘एम’ (मॅन्युअल) किंवा ‘एस’ (स्पोर्ट) मोड घ्यावा. ओव्हरटेकसाठी पॅडल लागतंच असं नाही, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी स्वतः गिअर उतरवते.

इलेक्ट्रिक गाड्यांत हेच काम मुख्य झालं आहे. ह्युंदाई कोनात डाव्या पात्याने रीजनरेटिव्ह ब्रेकिंग (मोटरनेच गाडी रोखून वीज बॅटरीत परत भरणं) वाढतं, उजव्याने कमी होतं. त्याच कंपनीच्या आयोनिक 5 एनमध्ये मात्र पाती ओढल्यावर अस्तित्वातच नसलेल्या आठ गिअरचे झटके आणि आवाज मिळतात. हौसेला मोल नाही, दुसरं काय!