दूरस्थ पदवी आणि ऑनलाइन पदवी: नोकरी सांभाळून शिकताना फरक कुठे पडतो

कॉलेज अर्धवट सुटलेली माणसे तिशी-चाळिशीत पुन्हा पदवीचा विचार करतात, तेव्हा ‘घरबसल्या पदवी’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी त्यांच्यासमोर येतात. कायद्याने दोन्ही सारख्याच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. रोजचा अभ्यास आणि परीक्षा मात्र दोन्हींत खूप वेगळ्या.

दूरस्थ शिक्षणात विद्यापीठ पुस्तके देते, अभ्यासकेंद्र नेमून देते, तिथे बहुधा सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रे होतात आणि सत्रान्त परीक्षा केंद्रावर जाऊन हाताने लिहावी लागते. इग्नू आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ ही याची ओळखीची उदाहरणे. ऑनलाइन पदवीत अभ्यासकेंद्र नसते. ध्वनिचित्रफिती, वाचनसाहित्य, चर्चेचा फलक आणि स्वयंचाचण्या असे चार भाग विद्यापीठाच्या पोर्टलवर असतात आणि तिथला तुमचा सहभाग नोंदला जातो. म्हणून ‘परीक्षेआधी महिनाभर वाचून काढू’ हा बेत ऑनलाइनमध्ये लवकर कोसळतो. पाळीची नोकरी असेल आणि रोज तासभर निश्चित मिळत नसेल, तर छापील पुस्तक जास्त सोयीचे.

गुणांची विभागणी दोन्हीकडे सारखी आहे: अंतर्गत मूल्यमापन जास्तीत जास्त 30 टक्के, सत्रान्त परीक्षा किमान 70 टक्के. ऑनलाइनची परीक्षा कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली घरून घेतली जात असेल, तर खोलीत दुसरे माणूस चालत नाही; वीज आणि इंटरनेटची पर्यायी सोय आधीच हवी. मोबाइलवर ही परीक्षा देता येते का, हे प्रवेशाआधीच लेखी विचारा. अनेकांना लॅपटॉपचा खर्च तेव्हाच पहिल्यांदा कळतो.

राज्याच्या विद्यापीठांचे दूरस्थ प्रवेश त्यांच्या कार्यक्षेत्रापुरतेच असतात. त्यामुळे बेळगावात किंवा बेंगळुरूत राहणाऱ्याला महाराष्ट्रातल्या मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र तिथे मिळणार नाही. ऑनलाइनला अशी हद्द नाही. मात्र मराठी माध्यम हवे असेल, तर मुक्त विद्यापीठाची पुस्तके मराठीत मिळतात. ऑनलाइन पदव्या बहुतेक इंग्रजीतून असतात. वीस वर्षांनी पुन्हा अभ्यासाला बसणाऱ्याने ही बाब शुल्काच्याही आधी पाहावी, असे आमचे ठाम मत आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक मान्यता तपासताना होते. ‘विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे’ एवढे पुरेसे नाही. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे ‘डेब’च्या संकेतस्थळावर तीन गोष्टी जुळायला हव्यात: तुमचा नेमका अभ्यासक्रम, नेमकी पद्धत (दूरस्थ की ऑनलाइन) आणि प्रवेशाचे नेमके सत्र. बी.कॉम.ला दूरस्थ मान्यता असली म्हणून त्याच विद्यापीठाचे ऑनलाइन बी.कॉम. आपोआप मान्य होत नाही. अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी आणि कायद्याची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन अशा कोणत्याही पद्धतीने देता येत नाही. 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रही बंद झाले आहे. तरीही कोणी या पदव्या विकत असेल, तर एक रुपयाही भरू नका. आणि ‘प्रमाणपत्रावर पद्धत लिहिलेली नसते’ असे एजंट सांगत असेल तर तेही खोटे. पदवीच्या आणि गुणपत्रिकेच्या मागे ती नोंद करणे विद्यापीठांवर बंधनकारक आहे.

प्रवेश वर्षातून दोनदा होतात, जानेवारी-फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट या सत्रांना. त्याआधी आधारवरून श्रेयांक पेढीचे, म्हणजे मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जमा ठेवणाऱ्या ‘एबीसी’चे खाते डिजिलॉकरमध्ये उघडायचे आणि त्याच्या आधारे ‘डेब आयडी’, म्हणजे डेबकडचा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक काढायचा. इथे सर्वाधिक अडतात त्या लग्नानंतर नाव बदललेल्या बायका: दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. नावबदलाचे राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र यांपैकी काय चालेल, हे प्रवेश कक्षाला आधी विचारून घ्या. राजपत्रात नाव छापून यायला वेळ लागतो, तेव्हा हे काम शेवटच्या तारखेवर ढकलू नका.