सागरी कासवांसाठी काम करायचंय? पुणेकरांसाठी परवानगी, अर्ज आणि कागदपत्रं

जखमी सागरी कासव घरी आणून बरं करायची परवानगी कुणालाही मिळत नाही, त्यामुळे त्या अर्जाच्या मागे लागू नका. आपल्या किनाऱ्यांवरच्या पाचही जाती (ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल, लॉगरहेड, लेदरबॅक) वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. कासव पकडणं तर सोडाच, घरट्यातली अंडी हलवणंही कायद्याच्या भाषेत शिकारच. शिक्षा ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

सुट्टीत कोकणात गेल्यावर किनाऱ्यावर जखमी कासव दिसलं, तर अर्ज लागत नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि लोकेशन व फोटो तयार ठेवा. वन्यप्राणी ताब्यात आल्यास ४८ तासांत कळवणं कलम ३९ नुसार बंधनकारक आहे. पण तासाभराचा उशीरही कासवाला महागात पडतो. पथक येईपर्यंत त्याला सावलीत पोटावरच ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. परांना (वल्ह्यांसारख्या पायांना) धरून उचलू नका, खायला घालू नका. सगळ्यात घातक म्हणजे दया येऊन त्याला परत पाण्यात ढकलणं. फुप्फुसाच्या आजाराने किंवा पोटातल्या वायूमुळे तरंगणाऱ्या कासवाला बुडी मारता येत नाही. ते पुन्हा किनाऱ्याला लागतं, या वेळी आणखी अशक्त होऊन. जाळ्यात गुदमरून निपचित पडलेलं असेल, तर मागची बाजू १५ सेंटिमीटर उंच ठेवा. अशी कासवं कित्येक तासांनीही शुद्धीवर येतात, म्हणून मेलं असं समजून सोडून जाऊ नका.

उपचारांत हातभार लावायचा असेल, तर डहाणूच्या कासव उपचार केंद्रासारख्या वनविभागाशी जोडलेल्या ठिकाणीच विचारा. पशुवैद्यांनी नोंदणी प्रमाणपत्र जोडावं. घरट्यांच्या कामासाठी त्या किनाऱ्याच्या वनाधिकाऱ्यांना लेखी अर्ज करा: ओळखपत्र, तारखा, राहण्याची सोय आणि करणार असलेलं काम. उबवणी केंद्रात नवख्यांना अंडी हाताळू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. अंडी घातल्यावर काही तासांत गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं की गर्भ मरतो.

संशोधनाचं प्रकरण सगळ्यात किचकट. कासव पकडणं, टॅग लावणं, रक्त वा ऊतींचा नमुना घेणं, यासाठी कलम १२ खालची परवानगी लागते. ती पुण्यातून मिळत नाही. नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळते, तीही केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीनंतर. म्हणजे फाइल दोन टेबलांवर जाणार. अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या नावावर एकट्याने करू नये. विद्यापीठ किंवा महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, मार्गदर्शकाच्या सहीचं पत्र हवं. सोबत संशोधनाचा आराखडा, चमूतल्या प्रत्येकाचं ओळखपत्र व अनुभव, निधीचा स्रोत आणि नमुने कुठल्या प्रयोगशाळेत जाणार ते जोडा.

अर्ज अडतात ते बहुतेक मोघमपणामुळे. ‘कोकण किनारा’ असं लिहू नका. गाव, तालुका, किनाऱ्याची लांबी, अक्षांश-रेखांश द्या. ‘आवश्यक तेवढे नमुने’ हेही चालत नाही. किती कासवं, प्रत्येकाकडून किती मिलिलिटर, कुणाच्या हातून, हे आधीच ठरलेलं असावं. नुसती पावलांची आणि घरट्यांची मोजणी करायची असेल, तर अर्जात नमुन्यांचा उल्लेखच टाळा. विनाकारण फाइल जड होते. किनारा मालवण सागरी अभयारण्यात येत असेल, तर प्रवेशाची परवानगी कलम २८ नुसार वेगळी काढावी लागते.

कोकणात विणीचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. घरट्यातून पिल्लं बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. दिवाळीत अर्ज केलात, तर परवानगी येईपर्यंत विणीचा हंगाम निम्मा सरलेला असेल. मे-जूनमध्येच कागद पाठवा आणि आवक क्रमांक जपून ठेवा. पुढची सगळी विचारणा त्यावरच होते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला पिल्लं समुद्रात जाताना नुसतं पाहायचं असेल, तर यातलं काहीच लागत नाही. निघण्याआधी गावात फोन करून त्या दिवशी पिल्लं अपेक्षित आहेत का, तेवढं विचारा.