दिवा बंद करण्याआधी

डिसेंबर लागला की मुंबईत बिअर्डेड ड्रॅगन हा परदेशी सरडा पाळणाऱ्या घरांमध्ये एकच काळजी सुरू होते. कालपर्यंत झुरळं आणि सुपरवर्म नावाच्या अळ्या चटाचट टिपणारा प्राणी आज खाण्याकडे ढुंकूनही बघत नाही. दिव्याखालचा दगड सोडून पेटीच्या गार कोपऱ्यात तोंड खुपसून पडतो. उचलला तर एक डोळा अर्धवट उघडतो आणि परत मिटतो. ही हिवाळ्याची सुस्ती म्हणायची, की काही दुखतंय? ओळखीतले अनुभवी लोक सांगतात, "ब्रुमेशन आहे, झोपू दे, दिवे बंद कर." ब्रुमेशन म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांची हिवाळी सुस्ती. या सल्ल्यातलं शेवटचं वाक्य मला धोक्याचं वाटतं. मुंबईत तर जास्तच.

मुळात हा प्राणी ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखातला. शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स. आपल्या कुंपणावर मान वरखाली करत बसणारा सरडा आणि हा, दोघंही अ‍ॅगॅमिडी कुळातले, म्हणजे लांबचे भाऊबंदच. ऑस्ट्रेलियाच्या मध्यावरच्या अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जुलैतल्या रात्री सरासरी ४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतात. अशा थंडीत बाहेरच्या उष्णतेवर जगणाऱ्या प्राण्याला ना शिकार जमते, ना पचन. किडेही कमी झालेले असतात. मग तो बिळात किंवा पालापाचोळ्याखाली शिरतो आणि शरीराचे सगळे व्यवहार मंदावतात. आपल्याकडे राजस्थान आणि कच्छमधला सांडा हेच करतो. थंडीत बिळाचं तोंड मातीने बुजवून आत पडून राहतो.

ही सुस्ती रोजच्या रात्रीच्या झोपेपेक्षा वेगळी. रोजच्या झोपेचा अभ्यास याच प्राण्यावर झाला आहे. बिअर्डेड ड्रॅगनच्या मेंदूतही आपल्यासारखे झोपेचे दोन टप्पे आलटून पालटून येतात, असं जर्मनीतल्या मॅक्स प्लँक संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. हिवाळी सुस्तीचा मामला आणखी खोल आहे. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०१९ मध्ये सुस्तीत असलेल्या आणि जाग्या ड्रॅगनच्या मेंदू, हृदय आणि स्नायूंमधल्या जनुकांची तुलना केली, तेव्हा तिन्ही ठिकाणी वेगवेगळी तयारी दिसली. मेंदूत तर चेतापेशींना जपणाऱ्या जनुकांचं काम वाढलेलं होतं. म्हणजे प्राणी नुसता गारठून पडलेला नसतो, त्याचं शरीर ठरवून मंद झालेलं असतं. निरोगी ड्रॅगन सुस्तीतून बाहेर येतो तो याच तयारीमुळे. आजारी ड्रॅगनची अशी तयारी झालेली असेलच असं नाही.

बंदिवासात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या, वर्षभर एकसारख्या उबेत ठेवलेल्या ड्रॅगनांनाही ही सुस्ती येऊ शकते. तेव्हा "मुंबईत कुठे आली थंडी?" म्हणून ती शक्यता उडवून लावता येत नाही. मुंबईत जूनमधला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि डिसेंबरमधला सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. खिडकीशेजारच्या पेटीत हा फरक पोहोचतो.

पण खरी गोम तापमानात आहे. सांताक्रूझला जानेवारीतलं सरासरी किमान तापमान १७ अंशांच्या आसपास असतं. २२ जानेवारी १९६२ ला तिथे ७.४ अंशांची नोंद झाली होती, पण तो दिवस अपवादच. इमारतींच्या गर्दीत, बंद खिडक्यांच्या फ्लॅटमध्ये पहाटेही घर बावीस-तेवीसच्या खाली क्वचितच जातं आणि दुपारी तीसकडे झुकतं. या घरात दिवा बंद करून ड्रॅगनला झोपवला, तर त्याचं अंग साधारण पंचवीस अंशांवर अडकतं.

हे पंचवीस अंश सगळ्यात वाईट. सरपटणाऱ्या प्राण्यांचं शरीर दहा अंशांनी गार झालं की त्याचा ऊर्जेचा खर्च ढोबळमानाने निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. पंधरा अंशांवर झोपलेला ड्रॅगन महिनोन् महिने साठवणीवर काढू शकतो. तोच पंचवीस अंशांवर उपाशी पडला तर साठवण दुप्पट-अडीचपट वेगाने संपते. दुसरीकडे, पचन आणि रोगप्रतिकारशक्ती नीट चालायला त्याला अंगात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब लागते. ती पंचवीसला मिळत नाही. जिवाणू, बुरशी आणि आतड्यातले परजीवी मात्र या हवेत मजेत वाढतात. थोडक्यात, खर्च वाचण्याइतकी थंडी नाही आणि रोगाशी लढण्याइतकी ऊबही नाही.

ताप ही गोष्ट आपण फक्त माणसांची समजतो. सरड्यांनाही ताप येतो, फक्त तो त्यांना बाहेरून मिळवावा लागतो. अमेरिकेतल्या डेझर्ट इग्वानावर १९७० च्या दशकात मॅथ्यू क्लूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग याबाबतीत पायाभूत आहेत. जिवाणूंची लागण केलेले सरडे नेहमीपेक्षा एक-दोन अंश जास्त उष्ण जागा निवडून बसले. आणि ज्यांना गार तापमानात ठेवलं, त्यांच्यातले कितीतरी जास्त मेले. आजारी ड्रॅगनचा दिवा बंद करणं म्हणजे त्याचा ताप काढून घेणं. तो ताप हे त्याचं पहिलं औषध असतं. म्हणून मी कळकळीने सांगतो: शंका असेल तोवर दिवे नेहमीच्याच वेळेला, नेहमीच्याच तापमानाला चालू ठेवा. निरोगी ड्रॅगन दोन आठवडे दिव्याखाली सुस्त पडून राहिला तर त्याचं फारसं बिघडत नाही. आजारी ड्रॅगन दोन आठवडे अंधारात राहिला तर बिघडतं.

मुलुंडला ओळखीच्या एका घरी असाच एक तीन वर्षांचा नर पाहिला होता. घरातला कॉलेजला जाणारा मुलगा त्याला जिवापाड जपतो. "काका, उठवू नका त्याला, ब्रुमेशन चालू आहे," तो म्हणाला. बास्किंगचा, म्हणजे ऊब देणारा बल्ब बंद होता. काचेला चिकटवलेली गोल तबकडी तीस अंश दाखवत होती. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला साधा डिजिटल थर्मामीटर ड्रॅगन पडला होता तिथे ठेवला, तर आकडा पंचवीसवर थांबला. मग त्याच्या आईने स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. प्लास्टिकच्या डब्यात ठेवून त्याचं वजन केलं आणि डब्याचं वजा केलं. ३५२ ग्रॅम. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांच्या कागदावर ४१० लिहिलेलं होतं. डोक्यावर डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना चरबीचे फुगीर उंचवटे असतात. ते खपून तिथे बोट टेकेल असे खळगे पडले होते. शेपटीच्या बुंध्याशी हाडं हाताला लागत होती. विष्ठेच्या तपासणीत कॉक्सिडिया हे आतड्यातले सूक्ष्म परजीवी भरपूर निघाले. औषध सुरू झालं, दगडावर पुन्हा चाळीस अंश आले आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तो खायला लागला.

त्या घरात निकाल दिला तो वजनकाट्याने. खऱ्या सुस्तीत वजन जवळजवळ स्थिर राहतं किंवा अगदी सावकाश उतरतं. एकूण दहा टक्क्यांची घट ही धोक्याची रेघ समजतात. चारशे ग्रॅमच्या प्राण्याला ती चाळीस ग्रॅमवर येते. डोळ्यांना एवढा फरक कळत नाही, एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्याला कळतो. म्हणून दिवाळीच्या सुमारास, प्राणी ठणठणीत असतानाच त्याचं वजन लिहून ठेवावं. जुना आकडा नसेल तर नुसतं आजचं वजन फार काही सांगत नाही. मग आठवड्याला एकदा, शक्यतो त्याच वेळी, पुन्हा करावं. आणि मुंबईच्या उबेत साठवण लवकर संपते, हे लक्षात घेऊन पाच टक्के उतरले तरी मी डॉक्टरांना फोन करेन.

वयही बघावं. वर्षाच्या आतलं पिल्लू सुस्तावलं तर ते आजारी आहे असंच धरून चालावं. त्याच्याकडे चरबीची साठवणच नसते. सुस्ती यायची पद्धतही बोलकी असते. निरोगी प्राणी दोन-तीन आठवडे हळूहळू खाणं कमी करतो, दिव्यापासून सरकत जातो, उशिरा उठतो, लवकर झोपतो. काल व्यवस्थित जेवलेला आज एकदम निपचित पडला, तर ते हिवाळ्याचं लक्षण नव्हे. सुस्त ड्रॅगनला उचलून उबेत ठेवला की तो कुरकुरत का होईना डोळे उघडतो, पुढचे पाय टेकून छाती उचलतो आणि परत गार कोपऱ्याकडे निघतो. आजारी प्राणी हातात लोंबतो. पाय थरथरतात किंवा मागचे ओढले जातात, जबडा मऊ किंवा सुजलेला लागतो. ही हाडांच्या आजाराची खूण आहे आणि त्यामागे बहुतेकदा यूव्हीबीची, म्हणजे हाडांसाठी लागणाऱ्या अतिनील किरणांची उणीव असते. हे किरण देणारी पेटीतली ट्यूब दिसायला लख्ख पेटत असली तरी तिच्यातला यूव्हीबी काही महिन्यांत ओसरतो. खिडकीची काच तर तो जवळजवळ सगळाच अडवते. गॅलरीच्या काचेमागचं ऊन त्यामुळे हाडांच्या कामाचं नाही.

तोंड, नाक आणि डोळे निरखून बघावेत. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकाशी बुडबुडे, तोंडात चिकट तार, श्वासाला घुरघुर, हे फुप्फुसाच्या संसर्गाचे इशारे आहेत. ऐन दिव्याखाली बसून तोंड उघडणं वेगळं, तो अंग गार करत असतो. गार कोपऱ्यात पडून तोंड उघडलं असेल तर काळजी करावी. सरड्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, त्यांना जोराने खोकता येत नाही, त्यामुळे आत साचलेला चिकटा बाहेर पडत नाही. वाळवंटातल्या या प्राण्याला मुंबईची दमट हवा आधीच जड जाते. कातडीवर पिवळट, खडबडीत चट्टे दिसले तर ते कात टाकणं समजून सोडून देऊ नये. नॅनिझिऑप्सिस नावाच्या बुरशीने होणारा आजार असाच सुरू होतो आणि खोल शिरतो.

माद्यांबाबत एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. नराशिवाय एकटी पाळलेली मादीही अंडी धरते. ती अंडी फळत नाहीत, पण घालावी तर लागतातच. या काळात ती खाणं सोडते, अस्वस्थ होते, कोपरे उकरते. बघणाऱ्याला वाटतं, झोपायला जागा करतेय. पोट दोन्ही बाजूंनी भरलेलं आणि गोटीगोटीसारखं लागत असेल तर तिला उकरायला ओलसर मातीचा खोल डबा द्यावा आणि दोन-तीन दिवसांत अंडी आली नाहीत तर दवाखाना गाठावा. अडकलेली अंडी जीव घेतात.

विष्ठेची तपासणी ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळली जाणारी गोष्ट. त्याच दिवशीची शी स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांकडे न्यायची, एवढंच काम. थोडे कॉक्सिडिया किंवा पिनवर्म नावाचे बारीक जंत पुष्कळ ड्रॅगनांच्या पोटात असतातच. अंग गार पडून प्रतिकारशक्ती मंदावली की त्यांचं फावतं. शीबरोबर येणारा पांढरा खडू म्हणजे त्याची लघवी. ती पिवळी-केशरी आणि कडक झाली असेल तर पाणी कमी पडतंय किंवा मूत्रपिंडाची तक्रार आहे. आपल्या मनाने कुत्र्या-मांजरांचं जंताचं औषध देऊ नका. मात्रा चुकतेच, शिवाय थंड अंगात औषध नीट शोषलं जात नाही आणि नीट बाहेरही पडत नाही.

डॉक्टरांनी तपासून हिरवा कंदील दिला, तरच सुस्तीची तयारी करावी. त्याने खाणं थांबवल्यावर आठ-दहा दिवस दिवे चालू ठेवायचे, म्हणजे पोट रिकामं होईल. गार अंगात पोटातलं अन्न पचत नाही, सडतं. मग दिव्याचे तास हळूहळू कमी करायचे. एसी असलेल्या खोलीत पेटी असेल तर एसीचा झोत तिच्यावर पडणार नाही असं बघावं. पाण्याची वाटी ठेवावी, मधूनमधून कोमट पाण्यात पाय बुडतील एवढंच बसवावं आणि नाक पाण्याच्या वर राहतंय ना याकडे लक्ष असावं. जबरदस्तीने भरवू नये. तो स्वतःहून उठून दिव्याखाली आला की आधी ऊब, मग पाणी आणि अंग पूर्ण तापल्यावरच खाणं.

दवाखान्यात नेताना फोन करून विचारा की तिथे सरपटणारे प्राणी तपासतात का. पशुवैद्य सगळे असले तरी या प्राण्यांचा सराव मोजक्यांनाच असतो. झाकणाला भोकं असलेला डबा, आत सुती फडकं, लोकलमध्ये पंख्याच्या झोतापासून दूर. सोबत वजनांची नोंद, पेटीचा आणि दिव्यांचा मोबाइलवरचा फोटो, यूव्हीबी ट्यूब कधी बदलली ती तारीख आणि दगडावरचं व गार कोपऱ्यातलं तापमान. ड्रॅगनला बोलता येत नाही, त्यामुळे डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारणार.