सुई टोचताना मुलाशी काय बोलावे?

‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाकांकडे नेईन, ते सुई टोचतील,’ ही धमकी आपल्याकडे घरोघरी इतक्या सहजपणे दिली जाते की, तिच्यामुळे दवाखाना म्हणजे शिक्षेची जागा अशी मुलाची समजूत होते, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार जन्मापासून पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत मुलाला अनेकदा इंजेक्शन घ्यावे लागते, आणि ही भीती मोठेपणीही टिकली तर रक्त तपासायला किंवा दाताच्या डॉक्टरांकडे जायला माणूस टाळाटाळ करतो.

टोचण्याच्या क्षणी पालक काय बोलतात, यालाही महत्त्व आहे. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्लाउंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1989 मध्ये कर्करोग झालेल्या मुलांच्या अस्थिमज्जेची, म्हणजे हाडांच्या आतील मगजाची, सुई टोचून तपासणी चालू असताना खोलीतील मोठ्या माणसांचे बोलणे बारकाईने अभ्यासले. मोठ्यांनी धीर दिला, ‘सॉरी रे बाळा’ म्हटले किंवा रागावले की मुलाचा आकांत वाढे; इतर गोष्टींच्या गप्पा मारल्या किंवा दीर्घ श्वास घ्यायला सांगितले की मूल त्या प्रसंगाला अधिक नीट तोंड देई. रडणाऱ्या मुलाला धीर द्यायचाच ना, असे कुणालाही वाटेल. पण ‘काही होत नाही’ हे वाक्य आपण नेमके काहीतरी होणार असते तेव्हाच, तेही काळजीने चिरकलेल्या आवाजात म्हणतो, आणि मूल शब्दांआधी चेहरा व आवाज वाचते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये लसीकरणातील वेदना कमी करण्याविषयी दिलेल्या शिफारशी साध्या आणि बिनखर्चाच्या आहेत. पालकांनी जवळ थांबावे, तान्ह्या बाळाला पाळण्यात किंवा टेबलावर आडवे न ठेवता मांडीवर धरावे, शक्य असल्यास टोचताना किंवा त्याच्या जरा आधी अंगावर पाजावे, आणि एकाच वेळी अनेक लसी द्यायच्या असतील तर सर्वांत जास्त दुखणारी लस शेवटी द्यावी. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात गर्दी असते आणि परिचारिकेला घाई असते, हे खरे. तरीही बाळाला पदराखाली घेऊन बसायला आईने संकोचू नये.

बोलत्या मुलाला मात्र ‘अजिबात दुखणार नाही’ असे सांगणे सर्वांत महागात पडते, कारण ते खोटे आहे हे त्याला क्षणभरात कळते आणि पुढच्या वेळी खरे सांगितले तरी ते मानत नाही. ‘जरासे टोचेल, तेवढ्यात आपण भिंतीवरच्या चित्रातले पक्षी मोजू,’ एवढे पुरते.