पंक म्हणायचं की डिस्को? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पोस्ट-पंक (बंडखोर पंक रॉकच्या पाठोपाठ आलेलं प्रयोगशील रॉक) आणि नाचाचं संगीत जिथे एकमेकांत मिसळतं, त्या गाण्यांना काय म्हणायचं यावर रसिक गेली चाळीसेक वर्षं हमरीतुमरीवर येत आहेत. पंक-फंक (फंक म्हणजे काळ्या अमेरिकनांचं ठेकेबाज संगीत), म्यूटंट डिस्को, डिस्को-पंक, डान्स-पंक अशी नावं बदलत गेली आणि प्रत्येक नावासरशी एखादा बँड आत आला, एखादा बाहेर पडला. मला हा वाद पोरकट वाटत नाही. इतिहासात कोणाचं नाव लागतं आणि कोणाची नुसता ‘प्रभाव’ म्हणून बोळवण होते, हे बरंचसं या शिक्क्यांनीच ठरवलं आहे.

सुरुवात १९७९ च्या उन्हाळ्यापासून करावी लागते. जून संपता संपता इंग्लंडमध्ये पब्लिक इमेज लिमिटेड या बँडचं ‘डेथ डिस्को’ बाजारात आलं. सेक्स पिस्टल्स या पंक बँडमधून बाहेर पडलेला जॉन लायडन त्यात मरणपंथाला लागलेल्या आईसाठी आक्रोश करतो, कीथ लेव्हीनची गिटार चायकोव्हस्कीच्या ‘स्वान लेक’ची धून वेडीवाकडी करून वाजवते आणि या सगळ्याच्या खाली जा वॉबलचा जाडजूड बेस व डिस्कोचा ठेका चालू असतो. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १२ जुलैला, शिकागोच्या कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानात रेडिओ निवेदक स्टीव्ह डालने डिस्को रेकॉर्डींचा ढीग स्फोटकांनी उडवला. प्रेक्षक मैदानात घुसले आणि यजमान संघाला त्या दिवसाचा दुसरा सामना सोडून द्यावा लागला. त्या दिवशी प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या काळ्या मुलाने पुढे सांगितलं, की लोकांनी जाळायला आणलेल्या कित्येक रेकॉर्डी डिस्कोच्या नव्हत्याच, त्या फक्त काळ्या कलाकारांच्या होत्या. हाच लॉरेन्स नंतर शिकागोत डिस्कोतूनच जन्मलेल्या हाउस संगीताच्या पहिल्या फळीत आला. अशा हवेत एका पंकवाल्याने आपल्या गाण्याच्या नावातच ‘डिस्को’ घालणं म्हणजे सरळसरळ बाजू घेणं होतं.

बाजू घेण्याचं काम तबकडीच्या आकारातही झालं, आणि नावांच्या वादात नेमकी हीच गोष्ट सुटते. बेस जितका मोठा, तितकी तबकडीवरची खाच रुंद वळणं घेते आणि दोन खाचांमध्ये जास्त अंतर सोडावं लागतं. एलपीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटं कोंबायची तर आवाज आणि बेस दोन्ही दाबावे लागतात. न्यूयॉर्कच्या डिस्कोवाल्यांनी तोडगा काढला: तबकडी एलपीएवढी बारा इंची, पण एका बाजूवर एकच गाणं आणि वेग बऱ्याचदा मिनिटाला ४५ फेऱ्यांचा. डीजे वॉल्टर गिबन्सने मिक्स केलेलं डबल एक्सपोझर या गटाचं ‘टेन परसेंट’ सॅलसोल कंपनीने १९७६ मध्ये असं विक्रीला आणलं. आणि १९७९ च्या नोव्हेंबरात आलेला पब्लिक इमेजचा ‘मेटल बॉक्स’ कसा होता? पत्र्याच्या गोल डब्यात, फिल्मची रिळं ठेवतात तशा, ४५ च्या वेगाच्या तीन बारा इंची तबकड्या. अख्खा रॉक अल्बम डीजेच्या साच्यात ओतलेला. वॉबल जमैकाच्या डबवर (बेस पुढे आणणारं रेगे) पोसलेला असल्याने बेसला जागा हवी हे त्याला कोणी सांगायला नको होतं.

लीड्समध्ये गँग ऑफ फोर वेगळ्या वाटेने तिथेच पोचले. अँडी गिलची गिटार कोरडी, तुटक, जवळजवळ तालवाद्यासारखी. ह्यूगो बर्नहॅमचे ड्रम्स आणि डेव्ह ॲलनचा बेस फंकचा. ‘ॲट होम हीज अ टूरिस्ट’ या गाण्यात ते डिस्कोच्या फरशीवर नफा कमावणाऱ्यांवर टीका करतात, आणि हाय-हॅट (ड्रम्समधली झांजांची जोडी) मात्र डिस्कोचीच वाजते. त्यातला निरोधासाठीचा शब्द बदला, असं बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ने सांगितल्यावर ते कार्यक्रम सोडून निघून गेले. ब्रिस्टलचा पॉप ग्रुप, मँचेस्टरचा अ सर्टन रेशो हेही याच धारेतले. अ सर्टन रेशोला तर डॉनल्ड जॉन्सनसारखा खराखुरा फंक वाजवणारा काळा ड्रमर मिळाला, आणि त्याच्या आधीचं व नंतरचं संगीत ऐकलं की फरक लगेच कळतो. ब्रिटिश समीक्षकांनी या मंडळींना पंक-फंक म्हटलं. त्यात पंक पुढे, फंक मागे.

न्यूयॉर्कमध्ये क्रम उलटा लागला. मायकेल झिल्का आणि मिशेल एस्तेबाँ यांनी १९७८ मध्ये काढलेल्या झेडई रेकॉर्ड्सने १९८१ मध्ये ‘म्यूटंट डिस्को’ नावाचा संग्रह आणला. त्यात डिस्को हा मूळ देह आणि बाकी सगळं त्यात झालेला बदल. माझ्या मते आजवरच्या नावांत हेच सगळ्यात प्रामाणिक आहे, कारण वंश कोणाचा हे ते लपवत नाही.

पण सगळ्या शिक्क्यांची खरी परीक्षा घेतली ती साउथ ब्राँक्सच्या स्क्रॉगिन्स बहिणींनी. मुली रस्त्यावरच्या भानगडींपासून लांब राहाव्यात म्हणून आईने वाद्यं आणून दिली आणि त्यातून ईएसजी हा बँड उभा राहिला. बेस, ड्रम्स, काँगा आणि आवाज, एवढंच. गिटार असलीच तर नावाला. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सचा टोनी विल्सन न्यूयॉर्कमध्ये त्यांच्यावर खूश झाला. जॉय डिव्हिजन या पोस्ट-पंक बँडचा निर्माता मार्टिन हॅनेट याने ध्वनिमुद्रण केलं आणि १९८१ मध्ये ‘यूएफओ’ व ‘मूडी’ असलेली तबकडी फॅक्टरीने काढली. बस, तेवढ्यावर त्या पोस्ट-पंक ठरल्या! तेच ‘मूडी’ पॅराडाइज गॅराज या न्यूयॉर्कच्या नाइटक्लबमध्ये वाजलं की लोक त्यावर नाचणारं संगीत म्हणूनच नाचत. आणि ‘यूएफओ’चा सुरुवातीचा किंचाळणारा सूर पुढे असंख्य हिपहॉप गाण्यांत कापून चिकटवला गेला (यालाच सँपल म्हणतात). १९९२ मध्ये बहिणींनी एक रेकॉर्ड काढली, तिच्या नावाचा अर्थच असा, की सँपलखाली आमचं नाव छापल्याने आमची बिलं भागत नाहीत. त्या पोस्ट-पंक की डिस्को की हिपहॉप, हे भांडण ज्यांनी केलं त्यांना तबकड्या विकता आल्या. वाजवणाऱ्यांच्या हाती फार थोडं आलं, याचा मला आजही संताप येतो.

ईएसजीच्या तबकड्या काढणाऱ्या ‘९९ रेकॉर्ड्स’ या न्यूयॉर्कच्या कंपनीचा लिक्विड लिक्विड हा बँडही असाच भरडला गेला. ‘कॅव्हर्न’मधली बेसची ओळ १९८३ मध्ये शुगरहिल कंपनीच्या ‘व्हाइट लाइन्स’ या रॅप गाण्यात जशीच्या तशी वाजली, गाजली, प्रकरण कोर्टात गेलं आणि त्या धुमाकुळात ‘९९’ बंद पडली.

मार्च १९८३ मध्ये न्यू ऑर्डरचं ‘ब्लू मंडे’ आलं. इयन कर्टिसच्या आत्महत्येनंतर जॉय डिव्हिजनच्या उरलेल्यांनी उभा केलेला हा बँड. सात मिनिटांहून मोठं गाणं, फक्त बारा इंची तबकडीवर. ओबरहाइम डीएमएक्स ड्रम मशीन आणि बँडमधल्या बर्नार्ड समनरने सुटे भाग जोडून घरी बनवलेला सीक्वेन्सर (सूर ठरल्या क्रमाने आपोआप वाजवणारं यंत्र). ठेका डॉना समरच्या एका गाण्यावरून आणि बेसची चाल सिल्व्हेस्टरवरून सुचल्याचं बँडच्याच लोकांनी सांगितलं आहे. सिल्व्हेस्टर म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा काळा, उघडपणे समलिंगी असलेला डिस्को गायक. बारा इंची तबकड्यांत खपाचा विक्रम करणारं हे गाणं आजही अनेक याद्यांत ‘पोस्ट-पंकचा विस्तार’ म्हणून नोंदलं जातं. सिल्व्हेस्टरचा उल्लेख त्या नोंदीत क्वचितच सापडतो.

जर्मनीत डीएएफ या बँडने गिटार जवळपास टाकूनच दिली. त्या धारेला पुढे ईबीएम (इलेक्ट्रॉनिक बॉडी म्युझिक) हे स्वतंत्र नाव मिळालं.

‘डान्स-पंक’ हे नाव खऱ्या अर्थाने रूढ झालं ते २००० नंतर. ‘डिस्को नॉट डिस्को’, ‘न्यूयॉर्क नॉइज’ अशा संग्रहांनी विसरलेल्या तबकड्या पुन्हा बाजारात आणल्या आणि वीस वर्षांनी बारसं झालं. नावं उशिराच ठेवली जातात, याचं मुंबईतलं उदाहरण चरणजित सिंग यांचं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या कलाकाराने १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. २०१० मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा जगाने त्यावर ‘ॲसिड हाउस’चा (नंतर शिकागोत उगवलेल्या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताचा) शिक्का मारला. मूळ मुखपृष्ठावर मात्र डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग असंच लिहिलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये मात्र या नव्या नावाला एक कायदेशीर धार होती. १९२६ च्या कॅबरे कायद्याने परवान्याशिवाय बारमध्ये नाचायला बंदी होती. सुरुवातीला तो हार्लेमच्या जॅझ क्लबांवर उगारला गेला आणि नव्वदच्या दशकात महापौर जुलियानींनी तो पुन्हा बाहेर काढला. डीएफए कंपनीने २००२ मध्ये द रॅप्चर या बँडचं ‘हाउस ऑफ जेलस लव्हर्स’ बारा इंची तबकडीवर काढलं, तेव्हा ते छोट्या बारमध्ये लावून लोकांना नाचू देणं हा बारमालकासाठी दंडाचा विषय होता. चक चक चक या बँडने २००३ मध्ये या कायद्यावर जुलियानींचं नाव घेऊन नऊ मिनिटांचं गाणं रचलं. कायदा रद्द झाला तो २०१७ मध्ये.